बाटलीवाली बाई आणि भागरताबाईचा गुडघा

"दुखते गुडघा, अन् लघवी कायले पायजे तुमाले?"

हा प्रश्न मला जिनं विचारला नाही अशी एक तरी बाई गोंदिया तालुक्यात शोधून आणा, मी तिला साडी नेसवीन. बायकांनी विचारला, म्हाताऱ्यांनी विचारला, गोंदियाच्या बाजारातल्या कापडवाल्यानं तर गल्ल्यावर बसून हिंदीत विचारला, "घुटने का इलाज है मॅडम, कि शक्कर का?" उत्तर देऊन देऊन माझं तोंड दुखायला लागलं. शेवटी शेवटी मी एवढंच म्हणायचे, "द्या तर आधी, मग सांगते."

आयुष्यभर मी लॅब टेक्निशियन होते. रक्त, लघवी, थुंकी यांच्यात दिवस गेले. निवृत्त झाले तेव्हा नवरा म्हणाला, आता जरा घरी टेक. पण टेकणं माझ्या अंगातच नाही. लॅबमध्ये माझ्यासाठी स्टूल होतं, त्यावर नेहमी माझी पिशवी बसलेली असायची आणि मी उभी. पायाला भिंगरी आहे बाईंच्या, असं सगळे म्हणायचे आणि मलाही ते ऐकायला आवडायचं. घरी बसून दोन महिने होत नाहीत तोवर मी भांडी घासलेली परत घासायला लागले. तेवढ्यात नागपूरहून आलेल्या हाडांच्या डॉक्टर वैदेही मॅडमनी विचारलं, संशोधनाचं काम आहे, गावोगाव फिरून नमुने गोळा करायचे आणि लॅबमध्ये तपासायचे, येता का? पगार किती हेही न विचारता मी हो म्हणून टाकलं.

आता त्या प्रश्नाचं उत्तर. गुडघ्यात दोन हाडं एकमेकांवर येतात, त्यांच्या टोकांवर गादी असते. डॉक्टर तिला कूर्चा म्हणतात, आपण गादीच म्हणू. वयानं, वजनानं, वर्षानुवर्षं उकिडवं बसून ही गादी झिजते. झिजताना तिचे बारीक बारीक तुकडे सुटतात, रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडातून गाळले जाऊन लघवीत येतात. ते तुकडे मोजायची तपासणी आहे. तुकडे जास्त, म्हणजे झीज जोरात चालू, असा अंदाज. अंदाज म्हणते, कारण हे सगळं अजून पारखून पाहणं चालू आहे, उगाच कुणी हे वाचून लॅबमध्ये भांडायला जाऊ नका. एक्स-रे सांगतो की गादी किती उरली. लघवी सांगू पाहते की आत्ता किती झिजून राहिली. मॅडमना या दोन्हींचा मेळ बसतो का ते पाहायचं होतं. बसला असता तर जिथं एक्स-रे मशीन नाही त्या गावातल्या बाईचा गुडघा किती बिघडला ते एका बाटलीवरून कळलं असतं. मला ही कल्पना फार आवडली होती.

बाटलीचे नियम मात्र कडक. उठल्या उठल्या होणारी पहिली लघवी नको, ती रात्रभर साठलेली. दुसरी पाहिजे, तीही चहाच्या आधी. ती बर्फाच्या डब्यात ठेवून तडक लॅबमध्ये. चहाच्या आधी म्हटलं की निम्म्या घरांत माझ्याशी वैर सुरू व्हायचं.

गावात माझं नाव पडलं बाटलीवाली बाई. एका गावात आमची जीप शिरली आणि पोरांनी ओरडा केला, "बाटलीवाली आली, बाटलीवाली आली!" तर एक म्हातारे गृहस्थ अंगात सदरा घालता घालता धावत आले. त्यांचा गुडघा असा दुखत होता की दोन दिवसांपूर्वी आमच्याशी बोलायला ते खाटेवरून उठले नव्हते! माझ्या हातातली रिकामी बाटली पाहून त्यांचा चेहरा जो पडला, तो पाहून आमचा ड्रायव्हर रफीक स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसला. "चाचा, इसमें भरना आपको है," तो म्हणाला. चाचांनी भरून दिली, पण त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत.

मुर्री गावचे एक निवृत्त गुरुजी होते. मोठे शिस्तीचे. सगळे नियम त्यांनी मलाच परत समजावून सांगितले. बाटली पुसून, झाकण घट्ट लावून, वर स्वच्छ अक्षरात नाव लिहून दिली. लॅबमध्ये तपासली तर तुकडे शून्य आणि क्रिएटिनिनही शून्य. हे क्रिएटिनिन काय ते सांगते. एखादी भरपूर पाणी पिते, तिची लघवी पातळ. दुसरीची घट्ट. मग दोघींचे तुकडे एका मापानं मोजायचे कसे? क्रिएटिनिन आपल्या स्नायूंमधून रोज साधारण सारखं निघतं, म्हणून त्याच्या मानानं तुकड्यांचा आकडा मांडायचा. वरणात पाणी किती वाढवलं ते मिठावरून कळतं, तसं काहीसं. गुरुजींच्या वरणात मीठच नव्हतं.

मी परत मुर्रीला गेले आणि अंगणातच म्हटलं, "गुरुजी, हे नळाचं पाणी आहे."

गुरुजी आधी लाल झाले, मग हळू आवाजात म्हणाले, "सुनेसमोरून बाटली घेऊन कसं जायचं हो?"

मी म्हटलं, "धोतराच्या सोग्यात लपवून न्या, पण खरी द्या." त्यांनी दिली. त्या दिवसापासून मला घमेंड चढली की मला कुणी फसवू शकत नाही. पाणी घातलं तर क्रिएटिनिन बोंबलणार, हे माझं हत्यार. दुसऱ्या कुणाची खरीखुरी लघवी आली तर हे हत्यार किती बोथट, याचा विचार मी केला नव्हता.

कामठ्याच्या बाजूला एक गाव आहे, नाव राहू द्या. उन्हाळी धानाची रोवणी चालू होती, थंडी अजून गेली नव्हती. तिथं रोवणीच्या बायकांची एक टोळी होती आणि टोळीची पुढारी कौतिका. अंगानं सडपातळ, आवाजानं अख्खी. ज्यांनी रोवणी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, बायका एका ओळीत कमरेत वाकून उभ्या राहतात आणि रोप लावत लावत मागं सरकतात. प्रत्येकीच्या वाट्याला जो पट्टा येतो ती तिची पात. एखादी मागं पडली की शेजारणी न बोलता तिच्या पातीत हात घालतात, चार रोपं इकडून, चार तिकडून. मालक धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, पाहतो तेव्हा सगळ्यांच्या पाती सारख्या दिसतात. कुणाची कुणी भरली हे तो विचारत नाही आणि बायका सांगत नाहीत.

या टोळीत भागरताबाई होती, सगळ्यांत वयस्कर. मुलगा तिरोड्याला कामाला, तिथंच बिऱ्हाड करून राहिलेला, ही इथं एकटी. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती ओसरीवरून अंगणात उतरत होती. खांबाला दोन्ही हातांनी धरून, पाठमोरी, आधी एक पाय, मग बराच वेळ थांबून दुसरा. पायरी वीतभर उंचीची. उतरून झाल्यावर तिनं माझ्याकडे पाहून असं हसून दाखवलं की जणू काही झालंच नाही.

मी म्हटलं, "मावशी, या गुडघ्यानं बांधीत जाता?"

"जाऊन त राहिली," ती म्हणाली. "चिखलात बरं वाटते त्याले."

कौतिकाच्या अंगणात मी सगळ्यांना बाटल्या वाटल्या आणि आवाज चढवून बजावलं, "ज्यांचा आकडा वर येईल त्यांना आधी गोंदियाला एक्स-रेला नेणार. नागपूरचे सर्जन येणार आहेत, ज्यांना गरज आहे त्यांची शस्त्रक्रिया सरकारी योजनेतून होईल. बाकीच्यांचा नंबर पावसाळ्यानंतर. आणि ऐका, बाटली रिकामी आली तर नंबरच लागणार नाही." माझा आवाज तसा दणक्याचा आहे. बायकांनी बाटल्या पदराखाली घेतल्या.

सकाळी सगळ्या बाटल्या भरून आल्या. भागरताबाईचीही. मनात म्हटलं, हिचा आकडा सगळ्यांत वर येणार, ही पहिल्या जीपमध्ये बसणार.

आकडा आला तळाला.

मी मशीनकडे पाहिलं, मशीन माझ्याकडे पाहत होतं. परत लावला, तोच. राखून ठेवलेला भाग काढून परत लावला, तोच. मग मला चैन पडेना. पोळी लाटताना ती ओसरी दिसायची, तो पाठमोरा पाय दिसायचा. नवरा बोलत असायचा आणि मी हं हं करत क्रिएटिनिनचा विचार करत असायचे. कारण तेही खटकत होतं. भागरताबाई म्हणजे काटकुळी, हातावर मांस नाही. तिचं क्रिएटिनिन चांगल्या धट्ट्याकट्ट्या बाईसारखं कसं?

वैदेही मॅडमना दाखवलं. त्यांनी कागद दोनदा पाहिला. "बाई, एका बाटलीवर काही ठरवू नका. परत घ्या," म्हणाल्या. "आणि जीपची यादी मी चार दिवस थांबवते, त्याहून जास्त जमणार नाही. सर्जनची तारीख ठरलेली आहे." त्यांच्या बोलण्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं, तरी मला चीड आली. कुणावर, ते सांगता येत नव्हतं.

मी परत गेले. या वेळी बाटली स्वतः भागरताबाईच्या हातात दिली आणि अंगणात उभी राहिले. तिनं खाट दाखवली, मी नको म्हटलं. ती घरामागं गेली. कौतिका, "धरासाठी जातो मी, पडन नाई त ते," म्हणत तिच्या मागं. थोड्या वेळानं भरलेली बाटली आली. गोंदियात तपासली. या वेळचा आकडा आणखी खाली!

आता माझं डोकंच सटकलं. म्हणजे बाई नाटक करते का? त्या ओसरीवरचं नाटक होतं का? हा विचार मनात आला आणि लगेच स्वतःचा राग आला. रफीक म्हणाला, "बाई, आप बैठ जाओ थोड़ा, पानी पियो." त्यानं स्वतःची बाटली पुढं केली. मी ती परत त्याच्या हातात दिली. कामाच्या दिवशी मी सकाळी दोन घोट घेऊन निघते ते घरी परतेपर्यंत, ही माझी जुनी सवय.

तिसऱ्या वेळी मी बाटली दिली आणि त्या दोघी घरामागं गेल्यावर मीही पावलं न वाजवता गेले. हे सभ्य नाही, मला माहीत आहे. पण चार दिवसांतले तीन संपत आले होते.

मागं सरकारी योजनेतला संडास होता, साधा, खाली बसायचा. दार उघडंच होतं, कारण आत दोघी मावत नव्हत्या. भागरताबाई बाहेर भिंतीला टेकून उभी, माझ्याकडे तोंड. आणि आत माझी बाटली घेऊन कौतिका बसलेली.

तळपायाची आग मस्तकात गेली. "कौतिका! काय चाललंय हे?"

"थांबा ना बाई," कौतिका आतून म्हणाली, "धार तुटली ना माही."

मी जे काही बोलले ते छापण्यासारखं नाही. मॅडमची मेहनत, सरकारचे पैसे, बर्फ, डिझेल, सगळं काढलं. शेजारच्या घरातली म्हातारी बाहेर येऊन उभी राहिली. कौतिका साडी सारखी करत बाहेर आली, बाटली माझ्या हातात दिली, चांगली भरलेली, आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काऊन वं बाई, एवढं बोंबलून राहिल्या? तिची पात भरत नाई का आमी? तशीच बाटली भरली. तुमीच म्हटलं होतं का रिकामी आली त नंबर नाई लागन."

"आणि पहिली बाटली?"

"ते त तरण्या होत्या त्या सगळ्याइनं थोडी थोडी घातली," ती म्हणाली. "माही एकटीची दिसाले नोको म्हणून."

सगळ्या टोळीनं मिळून! ज्या बाईचा नंबर लागावा म्हणून त्यांनी बाटली भरली, त्याच बाटलीनं तिचा नंबर तळाला नेला होता. हसावं की डोकं आपटावं कळेना.

"पण स्वतः का नाही दिली?" मी भागरताबाईवर ओरडले. "काय अडचण होती? मला सांगायचं ना!"

भागरताबाई खाली पाहत होती. "बसता येत नाई मले, बाई."

मग तिनं सांगितलं. वर्ष झालं, की जास्तच, तिला उकिडवं बसता येत नव्हतं. गुडघा अर्ध्यात अडकायचा आणि जीव जायची वेळ यायची. संडास बांधलेला आहे, पण बसल्याशिवाय उपयोग काय? ती उजाडायच्या आधी, कुणी उठायच्या आधी, याच भिंतीला धरून उभ्यानंच उरकायची. लुगडं भिजायचं, ते तिथंच धुवायची. दिवसातून परत परत ही वेळ येऊ नये म्हणून तिनं पाणी सोडलं होतं. सकाळी एक लोटा, तो दिवसभराला. बांधीत उन्हात वाकून सुद्धा. पहाटेची पहिली उरकली की दुसरी यायला अंगात पाणीच नव्हतं, आणि आलीच असती तरी उभ्यानं बाटलीत कशी धरणार?

मला रडू आलं, आणि मला असं चारचौघांत रडलेलं अजिबात आवडत नाही. म्हणून मी आणखी ओरडले. "अहो, पहिल्या दिवशी गुडघ्याच्या प्रश्नांचा कागद भरून घेतला तेव्हा मी एवढं विचारलं, तेव्हा का नाही सांगितलं?"

"तुमी जिन्याचं इचारलं," भागरताबाई म्हणाली. "आमच्या गावात जिना कोनाच्या घरी हाय, बाई?"

रफीकनं त्या दिवशी एक काम केलं. गावातल्या चहाच्या टपरीवरून त्यानं प्लास्टिकची जुनी खुर्ची मागून आणली, चाकूचं पातं तापवलं आणि बैठकीत गोल भोक पाडलं. कडा घासून गुळगुळीत केल्या. खुर्ची संडासात भांड्यावर ठेवली तर नेमकी बसली. भागरताबाईनं ती हलवून पाहिली, दाबून पाहिली. "इच्यावर बसून?" तिनं कौतिकाला विचारलं आणि दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. मी तिला म्हटलं, आज संध्याकाळी पाणी प्या, सकाळी पहिली सोडा आणि दुसरी मला द्या. संध्याकाळी ती लोट्याकडे असं पाहत होती की जणू त्यात कडू औषध आहे. मी समोर उभी राहून प्यायला लावलं.

सकाळी तिनं स्वतःची बाटली स्वतःच्या हातानं आणून दिली. अर्धीच भरली होती. ती बाटली मी मांडीवर घेऊन गोंदियापर्यंत आले, बर्फाच्या डब्यासकट.

आकडा आला मधला. वर नाही, खाली नाही. मधला! मी मॅडमसमोर कागद टाकला आणि म्हटलं, "आता?"

मॅडमनी आधीचे दोन कागद काढून त्याच्या शेजारी मांडले. मग म्हणाल्या, "असंही असू शकतं, बाई. गादी जवळजवळ संपलीच असेल, तर झिजायला काय उरलं? तुकडे येतील कुठून?" त्या नक्की म्हणाल्या नाहीत, असू शकतं म्हणाल्या. मग पेन उचललं आणि त्यांच्या यादीच्या वर, सगळ्या आकड्यांच्या वर, लिहिलं: भागरताबाई. त्या टोळीच्या सगळ्या बाटल्या मात्र बाद केल्या, कारण कुणाची कुणात मिसळली हे देवालाच माहीत. त्यांची कित्येक दिवसांची मेहनत वाया गेली. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, फक्त पुढच्या गावांसाठी प्रश्नांचा कागद नवा केला. त्यात पहिला प्रश्न टाकला, खाली बसून संडासला जाता येतं का?

मला अजूनही मधेच बाकीची गावं आठवतात. तिथं मी हा प्रश्न विचारला नव्हता. तिथल्या भरून आलेल्या बाटल्यांत कुणाकुणाच्या पाती भरलेल्या होत्या, कोण जाणे. आठवलं की मी उठून घरात चकरा मारते.

एक्स-रेमध्ये हाडाला हाड टेकलेलं दिसलं, मधे फट म्हणून नाही. सर्जन म्हणाले, दोन्ही गुडघे गेलेत, आधी उजवा करू. साखर, हृदय सगळं तपासलं, तेवढे दिवस माझा जीव टांगणीला. सगळं ठीक निघालं. मला वाटलं, झालं, सुटलो. तेवढ्यात भागरताबाईनं सर्जनना विचारलं, "मंग रोवणी?"

"नाही," ते म्हणाले. "नव्या गुडघ्यानं चालाल, हिंडाल. चिखलात वाकायचं नाही, उकिडवं बसायचं नाही."

परतताना जीपमध्ये ती पुढच्या सीटवर पाय लांब करून बसली होती. कामठा मागं पडल्यावर म्हणाली, "मी नाई करत आपरेशन."

"काय?" मी मागून ओरडले.

"माही पात कोन धरन?"

मी समजावलं, चिडले, परत समजावलं. माझं तोंड म्हणजे तोफखाना, पण त्या बाईपुढं एकही गोळा चालेना. नव्या गुडघ्यानं करायचं काय, घरात एकटीनं बसायचं का, हा तिचा सवाल. घरी बसण्याचं काय असतं ते मला नीट माहीत होतं. गावात जीप थांबली तेव्हा कौतिका वाट पाहत उभी होती. मी तिला तिथंच सगळं सांगितलं.

कौतिकानं भागरताबाईचा हात धरून तिला खाली उतरवलं. "तुही पात आमीच धरून राहिलो दोन साल झाले," ती म्हणाली. "तुले काय वाटलं, तू धरून राहिली? कर आपरेशन. अन् धुऱ्यावर बसून आमच्यावर ओरड. मालक ओरडते त्यापक्षा तू बरी."

भागरताबाईनं तिला एक शिवी दिली. ती मी इथं लिहीत नाही, पण त्या शिवीवरून मला कळलं की ती शस्त्रक्रियेला येणार.

ती आली. शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरचे दिवस व्यायामाचे आणि रडण्याचे होते, ते तिनं काढले. रफीकची खुर्ची तिच्यासोबत दवाखान्यात गेली आणि परत आली.

आषाढात मी पाहायला गेले. रफीकनं जीप रस्त्यावर उभी केली आणि मी धुऱ्याधुऱ्यानं चालत गेले, हळूहळू, कारण चिखल होता. टोळी बांधीत वाकलेली. धुऱ्यावर प्लास्टिकच्या खुर्चीवर, भोक नसलेल्या, भागरताबाई बसली होती. तिच्या पायाशी रोपांच्या जुड्या होत्या आणि ती एकेक जुडी नेम धरून बायकांच्या हाताशी फेकत होती. तोंडानं अखंड आरडाओरडा चालू होता. "अवं, तुही पात वाकडी जाऊन राहिली! डोये फुटले का?"

मला पाहून ती उठली. खुर्चीचा हात धरून, पण उठली, सरळ. चालत माझ्याकडे आली. मी तिच्या पायांकडेच पाहत होते. काय वाटलं ते मला नीट सांगता येणार नाही. डोळे भरून आले एवढं खरं.

जेवणाची सुट्टी झाली. बायका धुऱ्यावर आल्या, डबे उघडले, पाण्याचा हंडा आला. भागरताबाईनं लोटा भरला आणि वर तोंड करून घटाघटा सगळा संपवला. लगेच दुसरा भरला, तोही संपवला. हनुवटीवरून पाणी ओघळत होतं, ते तिनं पुसलंही नाही. मग तिसरा भरून माझ्यापुढं धरला.

"मला नको," मी म्हटलं. "तहान नाही."

"बसा त."

"उभीच बरी आहे मी. मला बसवत नाही एका जागी, सवय आहे."

भागरताबाईचा हात तसाच पुढं राहिला. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग सावकाश खाली माझ्या गुडघ्यांकडे. मी धुऱ्यानं कशी आले ते तिनं खुर्चीवरून पाहिलं होतं.

"सकायपासून किती पानी पेल्या, बाई?"

मी अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर घेतला.

"काऊन?" ती म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता. "बसता येत नाई का तुमाले?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्यानं नाही, मॅडमनी नाही, मी स्वतः तर नाहीच. पायाला भिंगरी आहे म्हटलं की बसून उठताना येणारी कळ झाकली जायची आणि सगळ्यांचं काम भागत होतं, माझंही. आणि इथं चिखलाच्या धुऱ्यावर, डब्यातल्या भाजीच्या वासात, मला त्याचं उत्तर द्यायचं होतं.

"नाही येत," मी म्हटलं.

तिनं आपली खुर्ची पायानं माझ्याकडे सरकवली. मी बसले. लोटा हातात घेतला आणि प्यायले, सगळा.

"बाटली आनली का संग?" कौतिका भाकरी मोडता मोडता म्हणाली. "उद्या सकायी द्या तुमची. अन् नाई जमलं त सांगा, आमी सगळ्या हावोत."